हाडं, दात आणि शिंपल्यांवरून पुरातन पर्यावरण कसं ओळखायचं?

पाणघोड्याचा दात सापडला म्हणजे जवळपास बारमाही पाणी होतं, हे नवखासुद्धा सांगू शकतो. पण ते पाणी नदीचं होतं की तळ्याचं, काठावर झाडी होती की उघडं गवत, हिवाळ्यात ते गोठायचं का, आणि मुळात तो दात तिथेच पडला की पुराने कुठून तरी आणून टाकला, हे सांगायचं तर कामाला क्रम लागतो. तो क्रम इथे मांडत आहे. उत्खननातल्या हाडांची पहिली पिशवी ज्यांच्या पुढ्यात आली आहे असे विद्यार्थी, संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून जीवाश्म निवडायला बसलेले हौशी अभ्यासक, यांना तो उपयोगी पडावा.

सुरुवातीलाच एक आग्रह धरतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ‘हा प्राणी कुठे राहायचा?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘हे हाड इथे कुणी आणलं?’ हा. बहुतेक चुकीचे निष्कर्ष पहिला प्रश्न ओलांडून थेट दुसऱ्यावर उडी मारल्यामुळे निघतात.

काय शोधायचंय ते आधी लिहून काढा

‘पर्यावरण’ म्हणजे तापमान, पाऊस, झाडोरा, पाणी की ऋतूंमधला फरक? आणि किती मोठ्या परिसराचं? हे ठरल्याशिवाय हाडांना हात लावू नका. हत्ती चाऱ्यापाण्यासाठी मैलोन्मैल भटकतो, त्यामुळे त्याचा दात सगळ्या प्रदेशाबद्दल बोलतो. गोगलगाय जन्मभर काही मीटरच्या टापूत राहते, त्यामुळे तिचं कवच त्या एका ओढ्याकाठाबद्दल बोलतं. उंदीर आणि चिचुंद्र्या या दोन टोकांच्या मध्ये. म्हणून एखाद्या ठिकाणाचं बारीक चित्र हवं असेल तर मोठ्या, देखण्या हाडांपेक्षा चाळणीत राहणारा बारीक ऐवज जास्त मोलाचा, असं माझं ठाम मत आहे. संग्रहालयाच्या दर्शनी कपाटात मात्र नेमकं उलटं दिसतं.

थर, चाळणी, चिठ्ठी

ज्या हाडाचा थर माहीत नाही ते पर्यावरणाच्या अभ्यासासाठी जवळजवळ निरुपयोगी असतं, मग ते कितीही सुंदर असो. जिथे उत्खननाचा परवाना लागतो तिथे तो घेतल्याशिवाय, आणि जाणकार माणूस सोबत असल्याशिवाय जमिनीतून काहीही उकरू नका. तुमच्या वाट्याला आलेल्या प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर हवी: स्थळ, खड्डा, थर, खोली, तारीख. बाहेरची चिठ्ठी फाटते, आतली ओलाव्याने पुसट होते. दोन्ही एकदम जाण्याची शक्यता कमी.

चाळणीच्या भोकांचा आकार निष्कर्ष बदलतो, हे नव्यांना सहसा पटत नाही. 5 मिलिमीटरच्या चाळणीतून उंदराच्या दाढा सरळ निघून जातात. मग यादीत फक्त हरणं आणि गवे उरतात आणि अभ्यासक लिहितो, ‘लहान प्राणी नव्हते’. लहान सस्तन प्राणी हवे असतील तर गाळ पाण्यात भिजवून 1 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक चाळणीवर धुवा. मासे, बेडूक, सरडे यांची हाडंही त्याच चाळणीत राहतात. कोणती चाळणी वापरली आणि किती लिटर गाळ धुतला, हे वहीत लिहाच. दोन थरांची तुलना करताना त्याच्याशिवाय पान हलत नाही.

कीटकांसाठी वेगळी युक्ती आहे. पाणथळ, हवाबंद गाळात भुंगेऱ्यांच्या पंखांची टणक आवरणं आणि डोक्याची कवचं हजारो वर्षं टिकतात. सुमारे 0.3 मिलिमीटरच्या चाळणीवर धुतलेला गाळ निथळून त्यात रॉकेल मुरवायचं आणि वरून थंड पाणी ओतायचं. कीटकांच्या कवचांना रॉकेल चिकटतं आणि ती वर तरंगतात. वनस्पतींचा बराचसा कचरा खाली बसतो.

ओळख पटवताना थांबायला शिका

दात, शिंगांचे गाभे, घोट्याचं हाड, खांद्याचा आणि गुडघ्याचा सांधा हे भाग ओळखायला सोपे. बरगड्या आणि नळ्यांचे तुकडे अवघड. तुलनेसाठी आजच्या प्राण्यांचे सांगाडे समोर हवेत. नुसत्या चित्रांवरून केलेली ओळख तात्पुरती समजावी. खात्री जिथपर्यंत आहे तिथेच थांबा. ‘मध्यम आकाराचं हरीण’ ही प्रामाणिक नोंद ‘चितळ’ या अंदाजापेक्षा शंभर पटींनी बरी.

इथे एक सापळा आहे. दोन उंदरांच्या दाढा जवळपास सारख्या दिसतात, त्यातला एक थंड प्रदेशातला आणि एक उबदार. थर हिमयुगातला आहे म्हणून तुम्ही ‘थंड प्रदेशातला’ असं लिहिता, आणि शेवटी याच यादीवरून ‘हवामान थंड होतं’ असा निष्कर्ष काढता. तुम्ही जे गृहीत धरलं तेच सिद्ध केलंत. ओळख फक्त हाडाच्या आकारावरून पटवायची, थराच्या वयावरून नाही.

हे हाड इथे आलं कसं?

प्राणी मेल्यापासून त्याचं हाड तुमच्या टेबलावर येईपर्यंत त्याचं काय काय झालं याचा अभ्यास म्हणजे टॅफॉनॉमी. हे नाव सोव्हिएत पुराजीवशास्त्रज्ञ इव्हान येफ्रेमोव्ह यांनी 1940 मध्ये दिलं. सगळ्या कामात मला हाच टप्पा सर्वांत रोचक वाटतो, आणि वेळही इथेच सर्वांत जास्त द्यावा.

दहापटीचं भिंग घ्या, तिरपा प्रकाश ठेवा आणि हाड सावकाश फिरवून पाहा. पृष्ठभाग गुळगुळीत आहे की लांबीच्या दिशेने भेगा गेल्या आहेत? अ‍ॅना बेहरेन्समेयर यांनी केनियातल्या अँबोसेलीत उघड्यावर पडलेल्या सांगाड्यांचा अभ्यास करून 1978 मध्ये अपक्षयाच्या, म्हणजे ऊन-पावसात हाड खराब होत जाण्याच्या, 0 ते 5 अशा पायऱ्या मांडल्या. 0 म्हणजे ताजं, अजून तेलकट हाड. 1 मध्ये लांब भेगा, 2 मध्ये वरचे पापुद्रे सुटू लागतात, 3 मध्ये पृष्ठभाग तंतुमय आणि खरखरीत, 4 मध्ये चिरफाळ्या सुटतात, 5 मध्ये हाड जागेवरच भुगा होऊ लागतं. एकाच थरात सगळी हाडं 0–1 असतील तर ती लवकर गाडली गेली. 0 पासून 4 पर्यंत सगळ्या पायऱ्या दिसत असतील तर हाडं बरीच वर्षं साचत होती. किती वर्षं, हा आकडा मात्र अँबोसेलीवरून जसाच्या तसा उचलू नका. दमट सावलीत हाड वेगळ्या वेगाने खराब होतं.

मग पाणी. वाहत्या पाण्यात सगळी हाडं सारखी वाहत नाहीत. मायकेल व्हूरहीस यांनी 1969 मध्ये कृत्रिम प्रवाहात हाडं सोडून हे दाखवलं: बरगड्या आणि मणके लवकर निघून जातात, पायांची लांब हाडं त्यामागून, कवटी आणि जबडा सर्वांत शेवटी. तुमच्या थरात फक्त जबडे आणि कवट्या असतील, तर बाकीचं प्रवाहाने नेलेलं असू शकतं. फक्त मणके-बरगड्या असतील, तर प्रवाहाने ते आणून टाकलेलं असू शकतं, आणि ते प्राणी वरच्या बाजूला दुसऱ्याच अधिवासात राहत असतील. हाडांच्या कडा गोलसर झिजल्या आहेत का, लांब हाडं एकाच दिशेला पडलेली होती का, हेही पाहा. सांध्यांना जोडलेलाच पाय मिळाला तर निश्चिंत व्हा, तो फार लांबून आलेला नाही.

यानंतर खाणारे. तरसाच्या दातांचे खळगे, साळिंदराच्या पटाशीचे शेजारी शेजारी रुंद चर, दगडी हत्याराची बारीक, आतून इंग्रजी व्ही अक्षरासारखी चीर, गवताच्या मुळांनी कोरलेली वेडीवाकडी नक्षी: या प्रत्येकाची वेगळी ओळख आहे, आणि सरावाने ती डोळ्यांत बसते. दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्स गुहेतलं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथे होमिनिन (माणूस आणि त्याचे नामशेष पूर्वज-नातेवाईक यांचा गट), बबून माकडं आणि हरणांची हाडं एकत्र मिळाली. सी. के. ब्रेन यांनी त्यातला एका लहान वयाच्या होमिनिनच्या कवटीचा तुकडा तपासला. त्यावर दोन भोकं होती, आणि त्यांच्यातलं अंतर बिबट्याच्या खालच्या दोन सुळ्यांमधल्या अंतराशी जुळत होतं. गुहेच्या तोंडाशी उगवलेल्या झाडांवर बिबट्यांनी भक्ष्य खाल्लं आणि उरलंसुरलं खाली पडलं, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे ते हाडांचे ढीग त्या परिसराची खानेसुमारी नाहीत, बिबट्याच्या आवडीनिवडीची यादी आहेत. बिबट्याला न पेलणारे मोठे प्राणी तिथे कमी असणारच.

दुसरं टोक म्हणजे लॉस एंजेलिसमधलं ला ब्रेआ. तिथल्या डांबरात सापडलेल्या सस्तन प्राण्यांपैकी सुमारे 90 टक्के मांसाहारी आहेत. कोणत्याही जंगलात असं प्रमाण असू शकत नाही. अडकलेल्या एका तृणभक्षी प्राण्याच्या ओढीने अनेक शिकारी आले आणि तेही रुतले. यादी खरी आहे, प्रमाण खोटं आहे.

लहान सस्तन प्राण्यांच्या बाबतीत गोळा करणारं बहुधा घुबड असतं. घुबड न पचलेली हाडं आणि केस यांचा गोळा ओकून टाकतं, त्याला पेलेट म्हणतात. गुहेतल्या वळचणीखाली असे पेलेट शेकडो वर्षं साचले की उंदरांच्या हाडांचा जाड थर तयार होतो. गव्हाणी घुबडाच्या पोटात हाडं फारशी विरघळत नाहीत. दिवसा शिकार करणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या पोटात पुष्कळ विरघळतात, आणि सस्तन मांसाहाऱ्यांच्या विष्ठेतून आलेली तर आणखी खराब होतात. पटाशीच्या टोकाचं आणि दाढांच्या कडांचं इनॅमल, म्हणजे दातावरचं टणक आवरण, आम्लाने किती खाल्लं आहे हे पाहून शिकारी कोणत्या गटातला ते सांगता येतं. ते का हवं? गव्हाणी घुबड मोकळ्या गवतावर शिकार करतं. त्याच्या पेलेटमध्ये गवतातले उंदीर भरपूर मिळाले, तर त्यातून घुबडाची सवय आधी कळते, जमीन कशी होती ते नंतर. याउलट त्याच पेलेटमध्ये दाट झाडीतल्या उंदरांचा वाटा वाढत गेलेला दिसला, तर ती बातमी महत्त्वाची, कारण घुबडाच्या सवयीविरुद्ध जाऊन ती आली आहे.

मोजणी

दोन आकडे लागतात. ओळखता आलेल्या तुकड्यांची एकूण संख्या, म्हणजे एनआयएसपी, आणि त्या तुकड्यांसाठी किमान किती प्राणी असायलाच हवेत तो आकडा, म्हणजे एमएनआय. एका प्रजातीचे तीन डावे जबडे आणि दोन उजवे मिळाले तर किमान प्राणी तीन. दोन्ही आकडे द्या, कारण पहिला मोडतोडीमुळे फुगतो आणि दुसरा लहान नमुन्यात दुर्मीळ प्रजातींना जास्त वजन देतो. नमुना मोठा तितक्या प्रजाती जास्त, हेही ध्यानात ठेवा. 2,000 दातांच्या थरात 15 प्रजाती आणि 60 दातांच्या थरात 6 प्रजाती, एवढ्यावरून ‘विविधता घटली’ म्हणता येत नाही. मोठ्या नमुन्यातून 60–60 दात यादृच्छिक उचलून पाहा, मग तुलना करा.

यादी वाचणं

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. सर्वांत जुनी पद्धत म्हणजे आजचा वंशज किंवा तीच प्रजाती आज कुठे राहते ते पाहणं. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात पाया खणताना पाणघोडा, सरळ सुळ्यांचा हत्ती आणि सिंह यांची हाडं निघाली, सुमारे 1,25,000 वर्षांपूर्वीची. पाणघोडा आहे म्हणजे नद्या हिवाळ्यात फार काळ गोठत नसणार. त्याच काळातले भुंगेरेही उन्हाळे आजच्यापेक्षा उबदार होते असंच सांगतात. एक पुरावा हिवाळ्याबद्दल, दुसरा उन्हाळ्याबद्दल. एकाच आकड्यावर दोघांना ओढायचं नसतं.

याच पद्धतीचा मोठा धोका म्हणजे नातेवाईक. आजचे सगळे गेंडे उष्ण प्रदेशात राहतात. म्हणून हिमयुगातल्या गाळात गेंड्याचं हाड मिळालं की ‘उबदार’ असं लिहायचं? 1929 मध्ये स्टारुनिया इथे, आजच्या युक्रेनमध्ये, केसाळ गेंड्याचं जवळपास पूर्ण शरीर कातड्यासकट सापडलं, आणि सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतूनही अशी शरीरं निघाली आहेत. तो थंड गवताळ प्रदेशाचा रहिवासी होता. तेव्हा नियम असा: तीच प्रजाती आज जिवंत असेल तर विश्वास जास्त, तीच प्रजाती नसून फक्त कुळ असेल तर कमी, आणि लाखो-कोटी वर्षं मागे गेलात तर केवळ नात्यावर काही बांधू नका.

कोट्यवधी वर्षांपूर्वीचं काहीच सांगता येत नाही असं मात्र नाही. काही मर्यादा शरीराच्या रचनेतूनच येतात. मगर-सुसरीच्या गटाला स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करता येत नाही. कडक, लांब हिवाळा त्यांना झेपत नाही. कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत अ‍ॅलिगेटरचे नातेवाईक आणि मोठी कासवं मिळाली. बेट तेव्हाही ध्रुवीय वर्तुळाच्या बरंच आत होतं, तरी हिवाळा सौम्य होता, हा निष्कर्ष भक्कम आहे, कारण तो अनेक गटांवर टेकला आहे. याच्या तुलनेत कोलंबियातल्या टायटॅनोबोआचं पाहा. 2009 मध्ये या सुमारे 13 मीटर लांबीच्या सापावरून तिथलं सरासरी वार्षिक तापमान 30 ते 34 अंश सेल्सिअस असावं असा अंदाज मांडला गेला. मोठं शरीर उष्णता धरून ठेवतं, आकार आणि तापमान यांचं नातं इतकं सरळ नाही, असे आक्षेप लगेच आले. एका प्रजातीवरून आकडा काढला की तो असाच वादात सापडतो.

यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे सगळ्या प्रजातींना एकत्र बोलू देणं. प्रत्येक प्रजातीला एक गुण द्या आणि ती ज्या अधिवासांत राहते त्यांत तो वाटा. समजा, एका थरात पाच प्रजाती आहेत. पहिली फक्त पाणकाठावर राहते: पाणकाठ 1. दुसरी फक्त गवतात: गवत 1. तिसरी गवत 0.5, झुडपी रान 0.5. चौथी झुडपी रान 0.5, दाट वन 0.5. पाचवी गवत 0.4, झुडपी रान 0.4, दाट वन 0.2. बेरीज केली तर पाणकाठ 1.0, गवत 1.9, झुडपी रान 1.4, दाट वन 0.7. पाचाने भागा: 20, 38, 28 आणि 14 टक्के. या टक्केवारीचा अर्थ ‘38 टक्के जमीन गवताची होती’ असा होत नाही. आजच्या माहितीतल्या जंगलांसाठी, माळांसाठी हीच बेरीज करून तुमचा थर कोणाशी जुळतो ते पाहायचं. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की एका प्रजातीची ओळख चुकली तरी डोलारा कोसळत नाही.

भुंगेऱ्यांसाठी हीच कल्पना तापमानावर लावतात. प्रत्येक प्रजाती आज उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या कोणत्या तापमानांत जगते त्याचा पट्टा काढायचा, सगळे पट्टे एकमेकांवर ठेवायचे, आणि जिथे ते सगळे एकत्र येतात तो त्या थराचा अंदाज. टिम अ‍ॅटकिन्सन, कीथ ब्रिफा आणि रसेल कूप यांनी 1987 मध्ये ही पद्धत ब्रिटनच्या गेल्या 22,000 वर्षांसाठी वापरली. भुंगेरे यासाठी इतके चांगले का? कारण हिमयुगांच्या चढउतारांत त्यांच्या बहुतेक प्रजाती बदलल्या नाहीत, त्यांनी फक्त मुक्काम हलवला. इंग्लंडच्या हिमयुगीन गाळात सापडणारा एक शेण-भुंगेरा आज फक्त तिबेटच्या उंच पठाराकडे राहतो. एवढ्याशा किड्याचं हे स्थलांतर मला अजूनही थक्क करतं.

आफ्रिकेतल्या थरांमध्ये गाय-हरिण कुळाचं प्रमाण वापरतात. एलिझाबेथ व्हर्बा यांनी दाखवलं, की विल्डबीस्टचा गट आणि गॅझेल-काळविटाचा गट मिळून कुळातल्या 60 टक्क्यांहून जास्त असतील तर रान मोकळं, 30 टक्क्यांहून कमी असतील तर झाडीचं. सोपी आणि कामाची कसोटी. पण हाडं सिंहाने गोळा केली की बिबट्याने, यावर हे प्रमाण हलतं, म्हणून पुन्हा पहिला प्रश्न विचारून मगच ती लावा.

दातांवर वेगळा दिवस काढा

प्रजातीचं नाव कळलं नाही तरी दात बोलतो. म्हणूनच नामशेष प्राण्यांसाठी तो सर्वांत भरवशाचा.

आधी दाढेची उंची. गवत खाणाऱ्यांच्या दाढा गवतातल्या सिलिकेने, म्हणजे वाळूसारख्या कठीण कणांनी, आणि गवताबरोबर तोंडात जाणाऱ्या धुळीने लवकर झिजतात. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांत उंच दाढांचे प्राणी टिकून राहतात. शेवटच्या दाढेची न झिजलेली उंची भागिले तिची रुंदी, हा सरळ निर्देशांक. एका परिसरातल्या सगळ्या मोठ्या तृणभक्ष्यांची सरासरी काढली की ती पावसाशी जुळते: कोरडा प्रदेश, उंच दाढा. पण उंच दाढ म्हणजे ‘या प्राण्याने गवत खाल्लं’ असं नव्हे. त्याच्या पूर्वजांवर घर्षणाचा ताण होता, एवढंच ती सांगते.

त्या एका प्राण्याने आयुष्यात काय खाल्लं ते दाढेच्या उंचवट्यांवरून कळतं. मिकाएल फोर्टेलियस आणि निकोस सोलुनियास यांनी 2000 मध्ये ही मेसोवेअर पद्धत मांडली, आणि नव्यांनी सुरुवात हिच्यापासूनच करावी, कारण उघड्या डोळ्यांनी किंवा साध्या भिंगाने ती जमते. वरच्या जबड्यातली दुसरी दाढ बाहेरच्या बाजूने पाहा. उंचवटे उंच आणि टोकदार असतील तर दात दातावर घासून धार लागली आहे, म्हणजे अन्न मऊ पाल्याचं. उंचवटे बुटके आणि बोथट असतील तर अन्नानेच दात घासला आहे, म्हणजे गवत. अगदी कोवळ्या आणि अगदी म्हाताऱ्या जनावरांचे दात बाजूला ठेवा; त्यांच्यात हा फरक दिसत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे ओरखडे आणि खळगे मरणाआधीच्या काही दिवसांचं, फार तर आठवड्यांचं जेवण दाखवतात. ते मेसोवेअरशी जुळलं नाही तर घाबरू नका. प्राणी वर्षभर गवत खाऊन दुष्काळात पाल्यावर आलेला असू शकतो, आणि मग तुम्हाला ऋतूच सापडला आहे.

प्रयोगशाळेत काय मागायचं

कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणाची) तपासणी तुम्ही स्वतः करणार नाही, पण नमुना तुम्ही निवडणार. नमुना इनॅमलचा द्या, हाडाचा नको. हाड सच्छिद्र असतं आणि मातीतल्या पाण्याशी देवाणघेवाण करतं. दुधावर असताना तयार झालेली पहिली दाढ टाळा, शेवटची दाढ निवडा. या तपासणीत दात कोरावा लागतो, म्हणून आधी मोजमापं, छायाचित्रं, साचा आणि लेखी परवानगी.

आकडे कसे वाचायचे? झाडं, झुडपं आणि थंड हवेतली गवतं सी-3 मार्गाने अन्न बनवतात. त्यांचं कार्बन मूल्य, म्हणजे जड कार्बनचं प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा किती कमी-जास्त आहे तो आकडा, सरासरी उणे 27 प्रति हजारच्या आसपास असतं. उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं सी-4 मार्गाची, सुमारे उणे 13 ते 12. मोठ्या तृणभक्ष्यांच्या इनॅमलमध्ये त्यात साधारण 14 मिळवायचे. तेव्हा उणे 13 च्या जवळचा दात पाला खाणाऱ्याचा, शून्याच्या वरचा दात उष्ण गवत खाणाऱ्याचा. आणखी एक दुरुस्ती: कोळसा आणि तेल जाळल्यामुळे आजच्या हवेतलं मूल्य दीड ते दोननी खाली गेलं आहे, म्हणून आजच्या वनस्पतींशी थेट तुलना करण्याआधी तेवढा फरक धरा.

पाकिस्तानातल्या पोतवार पठारावरचे शिवालिक थर याचं उत्तम उदाहरण. तिथल्या जुन्या मातीतले चुनखडे आणि तृणभक्ष्यांचे दात दोन्ही तपासले गेले, आणि दोन्हींत सुमारे 80 ते 60 लाख वर्षांपूर्वी सी-3 कडून सी-4 कडे मोठं वळण दिसतं. त्याच काळात पाला आणि फळं खाणारे अनेक प्राणी तिथून नाहीसे होतात. माती, दात आणि प्रजातींची यादी तिघांनी वेगवेगळ्या वाटेने एकच गोष्ट सांगितली, म्हणून ती पटते.

ऑक्सिजनसाठी दोन प्रकारचे प्राणी निवडा: पाणघोड्यासारखा पाण्याला बांधलेला, आणि जिराफासारखा पानांतल्या पाण्यावर भागवणारा. कोरड्या हवेत पानांतलं पाणी जास्त उडतं आणि त्या दोघांच्या ऑक्सिजन मूल्यांतला फरक वाढतो. दाढेच्या उंचीवर वरपासून खालपर्यंत ओळीने नमुने घेतले तर एका दातात वर्षभराचे ऋतू दिसू शकतात.

पुरावे जुळले नाहीत तर

प्रत्येक पद्धतीचा निष्कर्ष वेगळ्या कागदावर लिहून मगच ते शेजारी ठेवा. एक करताना दुसऱ्याचं उत्तर डोळ्यांसमोर असलं की हात नकळत तिकडे वळतो.

न जुळणं ही बऱ्याचदा माहितीच असते. इथिओपियातल्या अरामिस इथे 44 लाख वर्षांपूर्वीच्या आर्डिपिथेकस या होमिनिनबरोबर पाला खाणारी माकडं आणि कुडूच्या जवळची हरणं प्रामुख्याने मिळाली, म्हणून 2009 मध्ये संशोधकांनी तो परिसर झाडीचा ठरवला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने मातीच्या समस्थानिकांवरून म्हटलं, की झाडांचं छत्र 25 टक्के किंवा त्याहूनही कमी होतं. मला दोन्ही बाजू समजून घेण्यासारख्या वाटतात: माती सगळ्या जमिनीची सरासरी देते, प्राणी आपल्याला हवा तो तुकडा निवडतो. नदीकाठच्या झाडीच्या पट्ट्यात माकडं आणि आजूबाजूला गवत, हे दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

दुसरं कारण काळाचं. दहा सेंटिमीटरच्या थरात हजार वर्षं मावू शकतात, आणि थंड शतकातला लेमिंग (उत्तर ध्रुवाकडचा उंदरासारखा प्राणी) उबदार शतकातल्या साळिंदराच्या शेजारी पडलेला मिळू शकतो. शंका आली तर त्या दोन हाडांचं थेट कालमापन करून घ्या. दोन्ही एकाच काळातली निघाली, तर आज एकत्र न राहणाऱ्या प्रजाती तेव्हा खरोखर एकत्र होत्या, हेही मान्य करा. उत्तर अमेरिकेच्या हिमयुगात असे समूह सर्रास होते, कारण हवामान बदललं की प्रत्येक प्रजाती आपापल्या वाटेने हलते, सगळी बिऱ्हाडं एकदम उठत नाहीत.

लिहिताना

अहवालात यादीच्या आधी हाडं कशी साचली ते लिहा. मग चाळणी, गाळाचं प्रमाण, एनआयएसपी, एमएनआय. प्रत्येक ओळखीपुढे ती कोणत्या हाडावरून पटली ते. निष्कर्ष परिसराच्या मापात द्या: गोगलगाईंवरून ओढ्याकाठ, उंदरांवरून घुबडाच्या शिकारीचा टापू, मोठ्या प्राण्यांवरून प्रदेश. ‘नव्हता’ हा शब्द वापरण्याआधी नमुना पुरेसा मोठा आहे का आणि तो प्राणी असता तर या गोळा करणाऱ्याने तो आणला असता का, ही दोन उत्तरं लिहा. नसतील तर ‘मिळाला नाही’ एवढंच म्हणा.

सराव आजच्या पेलेटवर करा. घुबडाच्या वळचणीखालून चार-दोन पेलेट उचला, जंतू मरावेत म्हणून आधी तापवून घ्या, कोमट पाण्यात सोडवा आणि जबडे वेगळे करा. घुबड कोणतं आणि आजूबाजूचं रान कसं ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे तुमची यादी त्या रानाशी किती जुळते हे लगेच तपासता येईल.

न ओळखू आलेले तुकडे थरावार पिशव्यांत ठेवून द्या. हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजून प्राण्याचा गट ओळखण्याची पद्धत आता बऱ्याच प्रयोगशाळांत होते, आणि तिला नखाएवढा चुरा पुरतो. म्हणून त्या पिशव्यांवरही थर, खोली आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी आत आणि बाहेर लावा.